औषध सोडून गेलेला माणूस परत येतो तेव्हा

मित्रहो, समोर परिचारिका आहेत, समुपदेशक आहेत, वस्त्यांमधून फिरणारे कार्यकर्ते आहेत. त्यामुळे एचआयव्ही म्हणजे काय, इथून सुरुवात करत नाही. तपासणी शिबिर संपलं की अहवालातला पहिला रकाना असतो किती जणांचं रक्त तपासलं याचा. दुसरा, किती पॉझिटिव्ह निघाले याचा. त्यातले किती जण आज औषध घेत आहेत, हा तिसरा रकाना पुष्कळदा अर्धवट भरलेला असतो. औषध सोडून गेलेल्यांपैकी किती परत आले, हा रकाना तर बहुतेक अहवालांत छापलेलाच नसतो. मी आज मुख्यतः त्या न छापलेल्या रकान्याबद्दल बोलणार आहे.

आधी आकडे. एड्सविरुद्ध काम करणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था यूएनएड्स, तिच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ३ कोटी ९९ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांच्यापैकी ८६ टक्के लोकांना आपल्याला लागण झाल्याचं माहीत होतं. माहीत असलेल्यांतले ८९ टक्के औषधावर होते आणि औषधावर असलेल्यांतल्या ९३ टक्के लोकांचा विषाणू दबलेला होता, म्हणजे रक्तातलं त्याचं प्रमाण अगदी कमी झालेलं होतं. ऐकायला छान वाटतं. पण यातली प्रत्येक टक्केवारी आधीच्या पायरीवर उरलेल्यांतून काढलेली आहे. तिन्हींचा गुणाकार करा, म्हणजे शंभरातले जेमतेम ७१-७२ उरतात. बाकीच्यांमध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी, समलिंगी पुरुष, सुईने नशा करणारे, तुरुंगातले, बेघर, कागदपत्रं नसलेले स्थलांतरित यांचा वाटा फार मोठा आहे. देशाची सरासरी सुधारते आणि हे लोक त्या सरासरीत दिसेनासे होतात.

तपासणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे मार्ग बराचसा सापडलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्वतःच करायच्या तपासणीची शिफारस केली. किट हातात देणारी व्यक्ती त्याच समाजातली असेल, तर दवाखान्याची पायरी कधीही न चढणारे लोकही तपासणी करतात. दोन गोष्टींचं भान मात्र ठेवा. किटवर दोन रेषा उमटल्या म्हणजे निदान झालं असं नाही, केंद्रावर पुढच्या चाचण्या करूनच ते पक्कं होतं. आणि जोडीदारांची नावं विचारताना कुठलीही सक्ती नको. ज्या घरात मारहाण होते तिथे एक नाव उघड झालं, तर त्याची किंमत बाईला मोजावी लागते. ती ‘नको’ म्हणाली, की विषय तिथेच थांबला पाहिजे.

खरी गळती सुरू होते ती निकालानंतर. २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की, माणूस तयार असेल तर निदानाच्या दिवशीच औषध सुरू करावं. याला शास्त्राचा भक्कम आधार आहे. एचपीटीएन ०५२ या अभ्यासाने २०११ मध्ये दाखवलं, की लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुढे ‘पार्टनर’ नावाच्या अभ्यासांत, विषाणू पूर्ण दबलेल्या माणसाकडून संबंधांतून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण आढळलं नाही. ही बातमी निकालाच्या दिवशीच, त्याच खोलीत सांगा. ‘संबंधांतून तुमच्यापासून जोडीदाराला धोका राहणार नाही, असे दिवस येऊ शकतात’ हे वाक्य ऐकण्याचा त्या माणसाला हक्क आहे.

पण नुसत्या वाक्याने आणि हातातल्या चिठ्ठीने माणूस दुसऱ्या इमारतीतल्या केंद्रापर्यंत पोचत नाही. त्याच्यासोबत कुणीतरी जावं लागतं. युक्रेन, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम इथे सुईने नशा करणाऱ्यांवर झालेला एचपीटीएन ०७४ हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. काही जणांना नेहमीची सेवा मिळाली. काहींना तिच्या जोडीला एक सोबती आणि समुपदेशन मिळालं. हा सोबती केंद्राची वेळ ठरवायचा, बरोबर जायचा, कागदांची अडचण सोडवायचा, नशामुक्तीच्या उपचारांशी जोडून द्यायचा. वर्षभराने पाहिलं तेव्हा सोबती असलेल्यांपैकी ७२ टक्के औषधावर होते, बाकीच्यांतले ४३ टक्के. मृत्यूचं प्रमाण सोबती असलेल्या गटात निम्म्यापेक्षाही कमी होतं. नवं औषध शोधलेलं नव्हतं, गोळ्या दोन्हीकडे त्याच होत्या.

आता औषध सुटतं कसं ते पाहू. आपण फाईलवर ‘रुग्ण अनियमित’ असा शेरा मारतो आणि पुढची फाईल उघडतो. त्या माणसाच्या हातातली प्लास्टिकची बाटली जरा नीट बघा. तिच्यावरचं लेबल नखाने खरवडून काढलेलं असतं. आत कापसाचा बोळा कोंबलेला असतो, कारण चालताना गोळ्यांचा खुळखुळाट होतो आणि एका खोलीत दहा जण राहत असतील तर तो सगळ्यांना ऐकू जातो. बेघर माणसाची पिशवी रात्रीतून चोरीला जाते, नाहीतर फुटपाथ मोकळा करायला आलेले लोक ती उचलून नेतात. पिशवीबरोबर महिन्याच्या गोळ्याही जातात. तृतीयपंथी व्यक्तीला केंद्राच्या व्हरांड्यात भर गर्दीत कागदावरच्या जुन्या, पुरुषी नावाने हाक मारली जाते. सगळ्या माना वळतात. ती व्यक्ती पुढच्या महिन्यात येत नाही, आणि शेरा तिच्याच नावापुढे लागतो. मला याचा राग येतो. नावाऐवजी टोकन नंबर पुकारायला काही खर्च येत नाही. प्रकृती स्थिर असेल तर तीन किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात, तशी शिफारसही आहे. म्हणजे व्हरांड्यात बसण्याची वेळच कमी येते.

तुरुंगातून सुटणाऱ्यांचं उदाहरण तर सुन्न करणारं आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आत असताना नियमित औषध घेणाऱ्यांपैकी सुटकेनंतर दहा दिवसांत औषध मिळवलेले होते फक्त ५ टक्के. साठ दिवसांनंतरही ३० टक्केच. औषध थांबलं की विषाणू बहुधा काही आठवड्यांतच पुन्हा डोकं वर काढतो. सुटकेच्या दिवशी दारातच गोळ्या हातात पडाव्यात आणि बाहेर सोबती उभा असावा, हे ठरवायला आणखी कुठला पुरावा हवा?

आणि समजा, वर्षभराने तो माणूस परत आला. खोकतोय, वजन उतरलंय. खिडकीवर पहिला प्रश्न येतो, ‘इतके दिवस कुठे होतात?’ मग दटावणी, मग आधी समुपदेशनाच्या चार फेऱ्या, मग औषध. चौथ्या फेरीपर्यंत किती टिकतील? त्याऐवजी म्हणा, ‘आलात, बरं झालं. बसा.’ त्याच दिवशी सीडी४, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या, बघा, क्षयाची लक्षणं विचारा. सीडी४ २०० च्या खाली असेल तर क्रिप्टोकॉकस या बुरशीची चाचणी करा, कारण मेंदूपर्यंत पोचलेली ती बुरशी जीव घेते. असा गंभीर संसर्ग नसेल तर औषध लगेच पुन्हा सुरू करा. डोल्युटेग्राव्हिर असलेल्या आजच्या औषधांना विषाणू सहजासहजी दाद देणं थांबवत नाही, त्यामुळे बहुतेकांना तीच गोळी पुन्हा चालते. दक्षिण आफ्रिकेतल्या वेस्टर्न केप प्रांतात फार खालावलेल्या अवस्थेत येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी पूर्वी कधीतरी औषध सुरू केलेलं होतं, असं दिसून आलं. म्हणजे आज आपल्या दारात मरणपंथाला लागून येणारा माणूस बऱ्याचदा आपलाच जुना रुग्ण असतो.

सॅन फ्रान्सिस्कोत बेघरांसाठी २०१९ पासून एक दवाखाना चालतो. तिथे वेळ घ्यावी लागत नाही, आलं की तपासतात. रोजची गोळी जमत नसलेल्यांना तिथे एक-दोन महिन्यांनी घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन दिलं. विषाणू दबलेला नसतानाही ते सुरू केलं, आणि बहुतेकांमध्ये तो दबला. ‘हे लोक औषध घेणारच नाहीत’ असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

शेवटी एक मागणी, आणि ती मी अधिकाऱ्यांसमोर मुद्दाम करतोय. ज्या सोबत्यांच्या जोरावर हे सगळं उभं आहे, ते स्वतः त्याच वस्त्यांतले, पुष्कळदा स्वतः एचआयव्हीसह जगणारे. त्यांना आपण तुटपुंज्या मानधनावर ठेवतो, आणि प्रकल्पाचा निधी आटला की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. त्यांना दरमहा पगार द्या, रजा द्या, पोलिसांना दाखवता येईल असं ओळखपत्र द्या, आणि त्यांची पदं केंद्राच्या कायम आस्थापनेवर आणा. अंदाजपत्रकाच्या पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्यावा, अशी माझी विनंती आहे.