बेल वाजतेय, दार कोण उघडणार?

मघाशी एकाने विचारलं, ऑफिसातलं गेटवेचं मशीन (सगळ्यांचं इंटरनेट ज्यातून जातं ते) रोज पडतं, सॉफ्टवेअर तीनदा नव्याने टाकून झालं, आता काय करू? मी त्याला उलट विचारलं, पडतं म्हणजे नेमकं काय होतं? त्याला सांगता येईना. बहुतेकांना येत नाही. इंटरनेट गेलं की ऑफिसभर आरडाओरडा होतो आणि आपला हात सरळ रिस्टार्टच्या बटणावर जातो. पाच मिनिटांत सगळं सुरळीत होतं, पण पुरावाही त्याच पाच मिनिटांत पुसला जातो.

मी स्वतः हे दीड महिना केलंय. २०११ साली प्रभादेवीच्या एका छापखान्याचं नेटवर्क मी बघायचो. गेटवे म्हणजे जुना पेंटियम फोर, त्यात दोन नेटवर्क कार्डं आणि वर लिनक्स. कागदाच्या रिमांमागे ठेवलेला, मॉनिटर नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाला इंटरनेट बंद. आधी मी लाइनवाल्याला शिव्या घातल्या, मग रॅम बदलली, मग पॉवर सप्लाय. पावसाळा होता, तेव्हा दमट हवेने कार्डांचे पाय काळे पडले असतील म्हणून ते खोडरबराने घासून पुन्हा बसवले. मुंबईत हे करून बघावंच, फुकटात होतं. इथे उपयोग झाला नाही.

शेवटी एक मॉनिटर उचलून नेला आणि सहा वाजायची वाट बघत बसलो. नेट गेलं. मशीन मात्र जिवंत! कीबोर्ड चालत होता आणि पडद्यावर एक ओळ होती: ‘आयआरक्यू ११: नोबडी केअर्ड’. कोणीच दखल घेतली नाही.

आता हे आयआरक्यू, म्हणजे इंटरप्ट रिक्वेस्ट, प्रकरण. चाळीत चार बिऱ्हाडांना मिळून एकच बेल आहे असं समजा. कार्डाला काही सांगायचं असलं की ते प्रोसेसरची बेल वाजवतं. १९८४ च्या आयबीएमच्या पीसी-एटी संगणकात अशा वापरता येण्याजोग्या १५ बेल होत्या. आठ-आठ तारांच्या दोन चिपा, त्यातली एक तार दोघींना जोडण्यात खर्ची पडलेली. त्या काळच्या आयसा जातीच्या स्लॉटात बसणाऱ्या कार्डांना बेल वाटून घेणं जमायचंच नाही. नेटवर्क कार्ड ३ नंबरवर आणि मोडेम कॉम-२ वर, म्हणजे दुसऱ्या सीरियल पोर्टवर, म्हणजे तोही ३ वरच. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सुरू केल्यानंतरच्या डायल-अपच्या दिवसांत हे दुखणं ठरलेलं: फोन लागला की लॅन गायब. तेव्हा कार्डावरचे जंपर, म्हणजे बेलचा नंबर ठरवणाऱ्या चिमुकल्या टोप्या, हलवायचे, झालं.

मग आयसाच्या जागी पीसीआय हे नवं स्लॉट आलं आणि वाटून घ्यायची सोय झाली, पण एका अटीवर. ही बेल कोणीतरी दार उघडेपर्यंत वाजतच राहते. प्रोसेसर त्या तारेवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे ते-ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारतो, तुझ्याकडे आलंय का? सगळे नाही म्हणाले तर? बेल चालूच. शेवटच्या एक लाख वेळांपैकी ९९,९०० वेळा कोणीच हो म्हटलं नाही, तर लिनक्स त्या बेलची तारच काढून टाकतं. मग त्याच तारेवरचं निरपराध नेटवर्क कार्डही मुकं होतं. हा बंदोबस्त नसता तर अख्खं मशीनच गोठलं असतं.

इंटरप्टच्या तक्त्यात ११ समोर फक्त माझं नेटवर्क कार्ड होतं. मग भांडतंय कोण? सगळ्या पीसीआय उपकरणांची यादी काढली तेव्हा कळलं, यूएसबी कंट्रोलरही ११ वरच. तक्त्यात तो दिसत नव्हता, कारण त्याचा ड्रायव्हरच नव्हता. आणि तो काढला कोणी? मीच! गेटवेला यूएसबी कशाला, म्हणून मोठ्या हुशारीने काढला होता. पण बायोसने, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमने, तो कंट्रोलर जागाच ठेवला होता. बेल वाजवणारा घरात आणि दार उघडणारा मी हाकलून दिलेला.

तरी सहाच का? सहाला पाळी बदलायची. दुसऱ्या पाळीचा मुलगा आला की रिमांमागे हात घालून आपला मोबाइल गेटवेच्या यूएसबीला चार्जिंगला लावायचा. केबल खुपसली की बेल सुरू.

बायोसमध्ये यूएसबी बंद केलं, सीरियल आणि पॅरलल पोर्टही बंद केले, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवलं. खरं तर यातलं एकेक करून मध्ये एक संध्याकाळ जाऊ द्यायला हवी होती, पण दीड महिन्यानंतर मालकाकडे तेवढा धीर उरला नव्हता. हल्लीच्या पीसीआय एक्सप्रेस कार्डांत सामायिक बेलऐवजी प्रत्येक कार्ड आपापल्या नावाने निरोप पाठवू शकतं, त्यामुळे हे भांडण क्वचितच दिसतं. पण कोपऱ्यातली जुनी मशीनं अजून आहेत आणि त्यांना अजूनही मॉनिटर नसतो.

त्या मुलाला मी लॅमिंग्टन रोडवरून एक चार्जर आणून दिला. बिलात तो ‘नेटवर्क दुरुस्ती’ म्हणून लावला.