आधी नाव, मग औषध

(दृश्य: मायक्रोटोमचं पातं)
मेणात बसवलेला हा तुकडा मांडीतल्या गाठीचा. शंका सार्कोमाची, म्हणजे स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या यांतून उठणाऱ्या कॅन्सरची. त्याची चकती कापली जातेय, जाडी साधारण 4 मायक्रॉन. काचेवर घेऊन रंग चढवला की पेशी दिसू लागतात. तरी नुसत्या नजरेवर भागत नाही. वेगवेगळ्या प्रथिनांसाठी वेगळे रंग देऊन पाहावं लागतं, कधी जनुकंही तपासावी लागतात. सायनोव्हियल सार्कोमा या एका प्रकारात एक्स आणि 18 या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. ती सापडली की शंका मिटते.

प्रौढांच्या शंभर कॅन्सरमध्ये सार्कोमा जेमतेम एक, पण त्याचे प्रकार 50हून जास्त. म्हणूनच रिपोर्टवर नुसतं ‘सार्कोमा’ लिहिलेलं असेल, तर हाच मेणाचा ठोकळा सार्कोमा नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला हवा. आजार पसरलाय म्हणून घाई होते, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते.

(दृश्य: सीटी स्कॅन)
हे पांढरे ठिपके फुप्फुसातले. सार्कोमा रक्तातून पसरतो आणि बहुतेकदा आधी इथेच येतो. ठिपके मोजके असतील, मूळ गाठ आटोक्यात असेल, तर ऑपरेशन करता येतं. उघड्या शस्त्रक्रियेत सर्जन फुप्फुस बोटांनी चाचपतात. स्कॅनला न दिसलेली गाठ कधी कधी हाताला लागते.

(दृश्य: लाल औषधाची नळी)
डॉक्सोरुबिसिन, केमोथेरपीचं औषध. लाल रंग औषधाचाच. 1970च्या दशकापासून बहुतेक प्रकारांत सुरुवात याच्यापासून होते. हृदयाला इजा होऊ शकते, म्हणून आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा आहे.

पण जिस्ट, म्हणजे जठर-आतड्यांत उठणारा सार्कोमा, त्यावर ते जवळपास निकामी. तिथे इमॅटिनिबची गोळी, आणि पसरलेला आजारही कित्येकांचा वर्षानुवर्षं दबून राहतो. पॅझोपॅनिब ही आणखी एक गोळी, पण चरबीच्या सार्कोमाला ती सहसा देत नाहीत.

(दृश्य: समुद्रतळ)
खडकांना, खारफुटीच्या मुळांना चिकटून राहणाऱ्या एका समुद्री जीवात ट्रॅबेक्टेडिन हे औषध सापडलं. हे मात्र चरबीच्या सार्कोमालाही चालतं. सलाइनमधून सलग 24 तास देतात.

(दृश्य: पेशींची पिशवी)
सायनोव्हियल सार्कोमासाठी 2024मध्ये अमेरिकेत टी-पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींचा, उपचार मंजूर झाला. रुग्णाच्याच पेशी, प्रयोगशाळेत बदललेल्या. गाठीत ठरावीक प्रथिन आणि रुग्णाचा ऊतिगट जुळणारा, दोन्ही असावं लागतं.

पसरलेला सार्कोमा बहुतेकांचा पूर्ण बरा होत नाही. वेदनेसाठी रेडिएशन, धाप लागल्यास छातीतलं पाणी काढणं, हे उपचार औषधांच्या जोडीनेच चालतात.