चढ संपतो तिथे वाट अर्धी झालेली असते

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स हे मोठं शहर आहे. त्या शहराच्या वस्तीतच कॅमलबॅक नावाचा डोंगर उभा आहे. लांबून पाहिलं तर उंट बसल्यासारखा दिसतो. उंची 825 मीटर, म्हणजे ऐकायला किरकोळ. पण एको कॅन्यनच्या बाजूने जाणारी वाट जेमतेम दोन किलोमीटरमध्ये सुमारे 400 मीटर वर चढते. सगळा मुलूख सोनोरन वाळवंटाचा. अशा डोंगरावर कसं जावं आणि मुख्य म्हणजे कधी परत फिरावं, याबद्दल आज बोलायचं आहे.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच येते. इथे वाळू कमी आणि दगड उदंड. या उंटाची पाठ ग्रॅनाइटची आहे, एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीची. डोक्याकडचे तांबडे खडक त्या मानाने फार अलीकडचे, गाळ आणि दगडगोटे एकत्र घट्ट होऊन बनलेले. पायाखाली या दोन्हींत मोठा फरक जाणवतो. ग्रॅनाइट उन्हापावसाने सुटतो, त्याचे दाणे गळतात, आणि कातळावर तो बारीक घसारा पसरून राहतो. चढताना तो फारसा त्रास देत नाही. उतरताना मात्र त्यावर पाऊल पडलं की घसरलंच. मध्ये खडा कातळटप्पा आहे, तिथे लोखंडी कठडा बसवलेला आहे. पुढे तर मोठाल्या धोंड्यांमधून हातापायांचा वापर करतच जावं लागतं. हात कुठे ठेवतोय ते आधी पाहायचं, कारण कपारीतल्या सावलीची रॅटलस्नेक या विषारी सापालाही आपल्याइतकीच गरज असते.

या वाटेवरची सगळ्यात फसवी गोष्ट घाम आहे. दमट हवेत घाम निथळतो, कपडे अंगाला चिकटतात, आणि आपण आपणहून पाण्याची बाटली काढतो. वाळवंटातली हवा इतकी कोरडी असते की घाम आला हे कळायच्या आत तो उडून जातो. कुणी पाठीवरची सॅक उतरवली की नीट पाहा. सॅक टेकली होती तेवढाच भाग ओलाचिंब असतो, बाकी सदरा कोरडा, आणि कडेने मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या. अंगातून किती पाणी गेलं याचा हिशेब त्या ओल्या चौकोनात दिसतो. उन्हात कडक चढ चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणून तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहावं, आणि सोबत काहीतरी खारट खावं. नुसतंच पाणी ढोसत गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. ही लक्षणं थेट ऊन लागल्यासारखीच असतात. सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात आणि दुखणं वाढतं.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, त्या मुद्द्याकडे येतो. चढताना माणूस माथ्याकडे बघतो आणि माथ्यापर्यंतचाच विचार करतो. या डोंगरावर माथा गाठला तेव्हा वाट अर्धीच झालेली असते, आणि उरलेली अर्धी अधिक तापलेली असते. सकाळी सहाला निघालेला माणूस गारव्यात चढतो. तो उतरू लागतो तेव्हा ऊन चढलेलं असतं, आणि ज्या कातळाला सकाळी हात लावला, तोच कातळ आता धग फेकत असतो. दगड उष्णता धरून ठेवतो, म्हणून दुपार टळली तरी काहिली कमी होत नाही. हवेचं तापमान तर दुपारी तीननंतरच सर्वांत वर जातं. 2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा 43 अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. ते माप सावलीतल्या हवेचं. उघड्या खडकाचं तापमान त्याहून कितीतरी जास्त.

म्हणून परत फिरायची खूण घड्याळ आणि बाटली यांच्याकडून घ्यावी. निघण्यापूर्वीच वेळ ठरवायची. ती वेळ झाली किंवा निम्मं पाणी संपलं, यातलं जे आधी होईल तिथून मागे वळायचं, मग माथा शंभर पावलांवर का असेना. मी तर म्हणेन, निम्म्याचीही वाट पाहू नये. उतरताना ऊन जास्त, म्हणजे पाणीही जास्त लागणार. वर कुठे झरा नाही, टाकं नाही.

शहराच्या प्रशासनानेही हे ओळखलं आहे. 2021 पासून अति उष्म्याचा इशारा असलेल्या दिवशी कॅमलबॅकच्या वाटा दुपारी बंद ठेवायला सुरुवात झाली. आधी बंदी अकरापासून पाचपर्यंत होती, पुढे ती सकाळी नऊपासून लागू झाली. काहींना ही सक्ती वाटते. मला ती मनापासून पटते, कारण भर दुपारी अडकलेल्या एका माणसासाठी जीवरक्षक पथकातल्या अनेकांना त्याच कातळावर चढावं लागतं.

बरोबर एक साधा कंगवा ठेवा. तिथे चोया नावाचं निवडुंग असतं. त्याचे काटेरी तुकडे नुसता धक्का लागला तरी झाडापासून सुटतात आणि पोटरीत रुततात. काट्यांना मागे वळलेली बारीक कुसळं असतात. बोटांनी काढायला गेलात की बोटंही अडकतात. कंगवा तुकड्याच्या खाली सरकवायचा आणि झटक्यात उडवायचा.

उतरताना सोबत्याशी बोलत राहा. दमलेला माणूस गप्प होतो, ते चालतं. पण तो असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर त्याला ऊन लागलंय असं समजून सावलीत बसवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच मदत बोलवा. थोडा आराम पडला की चालेल, असं म्हणून त्याला पुढे नेऊ नका.

नमस्कार.