अ‍ॅडमिरल: समुद्र नसलेला शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

'अमीर-उमराव' हा जोडशब्द आपण किती सहज बोलून जातो. त्यातला 'उमराव' आला 'उमरा'वरून, आणि उमरा हे 'अमीर' या अरबी शब्दाचंच अनेकवचन. अमीर म्हणजे हुकूम देणारा, सरदार. याच अमीराचा एक वंशज इंग्रजीत जाऊन दर्यावर्दी झाला. तो म्हणजे 'अ‍ॅडमिरल'.

अरबीत 'अमीर अल्' म्हणून पुढे कशाचा अमीर ते सांगतात. बहुतेक अभ्यासक मानतात की युरोपीय कानांनी 'अमीर अल्' एवढंच उचललं आणि पुढचा शब्द मागेच राहिला. पुष्कळजण तो राहिलेला शब्द 'बहर', म्हणजे समुद्र, असं सांगतात. मला ते पटत नाही. कारण जुन्या फ्रेंच काव्यांत 'अमिराल' भेटतो तो घोड्यावर बसलेला, जमिनीवर लढणारा मुसलमान सरदार.

मग खारं पाणी लागलं कुठे? सिसिलीत. बाराव्या शतकात तिथे नॉर्मन राजा दुसरा रॉजर राज्य करत होता. त्याच्या दरबारात अरबी, ग्रीक आणि लॅटिन, तिन्ही भाषांत कारभार चाले. त्याचा सर्वांत मोठा अधिकारी अँटिऑकचा जॉर्ज. हा ख्रिस्ती, अरबी उत्तम जाणणारा, पूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मुसलमान राजाच्या चाकरीत होता. त्याची पदवी होती 'अमीरांचा अमीर', आणि आरमारही त्याच्याच हाती. पालेर्मोत त्यानं बांधलेल्या चर्चला आजही 'अ‍ॅडमिरलची सेंट मेरी' म्हणतात. आतल्या भित्तिचित्रात तो मेरीच्या पायांशी लोटांगण घालताना दिसतो. ते चित्र मला फार आवडतं. अरबी पदवीचा माणूस, ग्रीक अक्षरं, लॅटिन राज्य, सगळं एका भिंतीवर!

मधला 'ड' मात्र लेखनिकांची करणी. लॅटिनमध्ये 'कौतुक करणे' या अर्थाचा शब्द 'अ‍ॅडमि...' असाच सुरू होतो. त्याच्याशी नातं असेल समजून त्यांनी तो घुसवला.

इंग्लंडात तेराव्या शतकाच्या अखेरीस राजानं आरमारावर अ‍ॅडमिरल नेमला, तेव्हा कागदावर 'समुद्राचा अ‍ॅडमिरल' असं लिहावं लागलं. नुसत्या शब्दात समुद्र अजून मुरला नव्हता.

आणि आपले कान्होजी आंग्रे? त्यांची पदवी 'सरखेल'. फारसी 'सर' म्हणजे प्रमुख. अरबीतून आलेला 'खैल' म्हणजे घोडे, घोडेस्वारांची तुकडी. कुलाब्याच्या दर्यावर हुकूम चालवणाऱ्या या सेनानीच्या पदवीतही घोडाच दडलेला आहे.