घाम तेवढा उरतो

(दृश्य: बांबोळी, गोवा मेडिकल कॉलेज म्हणजे गोमेकॉ. सकाळची ओपीडी. मांडीवर औषधांच्या पिशव्या घेऊन बसलेली माणसं.)

२०२३ साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीचे आकडे आले. भारतात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के, आणि राज्यांच्या यादीत सगळ्यात वर गोवा, २६.४ टक्के. म्हणजे दर चार प्रौढ गोमंतकीयांत एकाला शुगर. यातल्या अनेकांच्या पिशवीत प्रेशरची किंवा हृदयाची गोळीही असतेच. हृदयाचे डॉक्टर बांबोळीला, शुगरचे म्हापशाला नाहीतर फोंड्याला. गोळ्या मात्र एकाच पोटात जातात.

मग एका दुखण्याची गोळी दुसऱ्यात लुडबुड करते. सुरुवात बीटा ब्लॉकर या हृदयाच्या आणि प्रेशरच्या गोळ्यांपासून करू, कारण खरी गुंतागुंत तिथंच आहे. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलोल. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुष्कळांना यातली एखादी चालू असते. रक्तातली साखर ७० च्या खाली घसरली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. छाती धडधडते, हात थरथरतात, माणूस उठून काहीतरी तोंडात टाकतो. पण बीटा ब्लॉकरचं कामच अ‍ॅड्रेनलिनला अडवायचं. त्यामुळे धडधड दबते, थरथर दबते, साखर मात्र घसरतच राहते. कधीकधी घरच्यांच्या लक्षात येतं ते थेट असंबद्ध बोलणं सुरू झाल्यावर.

घाम मात्र सुटतो. घामाच्या ग्रंथींना निरोप देणारं रसायन वेगळं, अ‍ॅसिटिलकोलीन. त्यावर या गोळीचं काही चालत नाही. वाचायला हे सोपं आहे. पण गोव्यातल्या मे महिन्यात घाम कुणाला नसतो? उरलेली ठळक खूण उकाड्यात हरवून जाते. म्हणून फरक ओळखायला हवा: पंख्याखाली बसलेलं असताना, अंग गार लागत असताना कपाळ आणि मान भिजली, तर ग्लुकोमीटर काढा.

(दृश्य: डिचोलीकडचं घर. ओसरी, बाहेर पाऊस.)

आषाढी एकादशी घ्या. आजोबांनी उपास धरला आहे. दहाची पेज नाही, पोटात फक्त बिनसाखरेचा चहा. सकाळची शुगरची गोळी, ग्लिमेपिराइड, मात्र सवयीनं घेतली, जोडीला मेटोप्रोलोल. बाराच्या सुमारास ते गप्प होतात. घरचे म्हणतात, उपासानं थकले असतील, पडू दे जरा. हे पडू देणंच घातक ठरतं. हा धोका इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्यांवर असणाऱ्यांना जास्त. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांची साखर सहसा अशी कोसळत नाही.

माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. आणखी एक खोच आहे, ती फार थोड्यांना सांगितली जाते. व्होग्लिबोज ही शुगरची गोळी चालू असेल तर घरची साखर लवकर लागू पडत नाही, कारण आतड्यात साखर फोडण्याचं कामच ती गोळी रोखून धरते. तिथं ग्लुकोजची पावडरच हवी. तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांत व्होग्लिबोज बऱ्याचदा असतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा.

हे ऐकून कुणी बीटा ब्लॉकर बंद करायला निघालं असेल, तर थांबा. ती एकदम सोडली तर छातीतलं दुखणं उसळतं, अटॅकही येऊ शकतो. सोडवायची असेल तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. गोळ्या-गोळ्यांतही फरक आहे. जुनं प्रोप्रानोलोल घसरलेली साखर सावरायलाही वेळ लावतं. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल त्या मानानं सौम्य.

साखर वाढवणाऱ्यांत लघवीच्या काही गोळ्या येतात. प्रेशरच्या गोळीच्या नावापुढे 'एच' अक्षर असेल तर आत बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. त्यानं पोटॅशियम घटतं आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं. कमी डोसला हा परिणाम थोडा असतो, पण रक्ततपासणीत पोटॅशियमही पाहावं.

स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्या. त्यांनी मधुमेह होतो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर जेवढा धुरळा उडतो तेवढं त्यात काही नाही. २०१० च्या एका मोठ्या आढाव्यानुसार २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर एका जादा माणसाला मधुमेह होतो. टळणारे हृदयाचे झटके त्याहून जास्त.

(दृश्य: औषधांचं दुकान, काउंटरवर गोळ्यांची पाकिटं.)

गंमत म्हणजे आता शुगरचीच एक गोळी हृदयाची झाली आहे. डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. २०१९ च्या चाचणीत हृदय कमकुवत झालेल्यांना, मधुमेह नसलेल्यांनासुद्धा, त्याचा फायदा दिसला. २०२० मध्ये पेटंट संपलं आणि आपल्याकडे ती स्वस्त झाली. पण उलट्या-जुलाबांत किंवा कडक उपासाच्या दिवशी ही गोळी बहुधा थांबवावी लागते. ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. अशा वेळी रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचू शकतात, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फारशी चढलेली दिसेलच असं नाही.