फोन कोणाचाही असो, खातं आपलं हवं

नमस्कार श्रोतेहो.

कापसाची वेचणी जोरात सुरू आहे, वरूड-मोर्शीकडे आंबिया बहाराची संत्री निघायला लागली आहेत, आणि याच दिवसांत कॉलेजातल्या मुलामुलींच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांचीही घाई असते. मी वर्धा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, सगळं काम या दिवसांत एकदम अंगावर येतं. ते करताना एक प्रश्न लोक मला नेहमी विचारतात. "ताई, घरातले फोन, लॅपटॉप, टीव्ही, सगळं एकाच कंपनीचं घ्यावं का? का जे स्वस्त पडंल ते घेतलं तरी चालते?" आज त्यावरच बोलते.

आपल्याकडे हे सहसा कुणी ठरवून करत नाही. आजीकडे बटणाचा फोन असतो. बाबांकडे अँड्रॉइड, तोही मोठ्या पोराने वापरून दिलेला. मुलगी नागपूरला शिकते, तिच्याकडे विंडोजचा लॅपटॉप. पुण्याला कंपनीत लागलेला भाऊ गेल्या वर्षी आयफोन घेऊन आला. झालं, एका घरात चार तऱ्हा.

एकाच कंपनीचं सगळं वापरण्यात सुख आहे, हे मी आधीच कबूल करते. गूगलचं एक खातं फोनमध्ये नीट टाकलेलं असलं की नंबर, फोटो, मेल सगळं त्यात जमा होत राहतं. फोन विहिरीत पडला तरी नव्या फोनमध्ये तेच खातं टाकलं की नातेवाइकांचे नंबर परत येतात. ॲपलचंही तसंच, आयफोनवर काढलेला फोटो त्यांच्याच मॅक संगणकावर आपोआप दिसतो. आणि घरातल्या वयस्कर माणसांना तर याचा फार आधार असतो. सासूचा आणि सुनेचा फोन एकाच कंपनीचा असला, तर सून माहेरून फोनवरच सांगू शकते, "आई, वरून खाली बोट फिरवा, मग ते निळं दाबा." वेगवेगळे फोन असले की हे सांगणं अर्धा तास चालतं आणि शेवटी दोघीही कंटाळतात.

पण हंगामाला उचल देणारा व्यापारी आपल्याला ठाऊक आहे. तो दारात गाडी पाठवतो, काटा त्याचा, हमाल त्याचे, आपल्याला काही बघावं लागत नाही. मग दुसऱ्या बाजारात भाव चढला तरी कापूस त्यालाच घालावा लागतो. या कंपन्यांच्या सोयीतही तशी गोष्ट आहे. सोय जरूर घ्या, पण बाहेर पडायची वाट कुठे आहे ते आत शिरतानाच बघून ठेवा.

आता केंद्रात रोज काय दिसतं ते सांगते.

एक काकू फोन घेऊन आल्या. फोन अडकत होता म्हणून गावातल्या कुणीतरी तो पूर्ण पुसून, रिसेट करून दिला. त्यानंतर फोन चालू केला की पडद्यावर एकच मागणी: आधी यात जे गूगल खातं होतं, ते टाका. काकू म्हणाल्या, "मले काय मालूम वो ताई, दुकानातल्या पोरानं टाकून देलं होतं." ज्या दुकानात फोन घेतला, तिथे त्या मुलाने घाईत काहीतरी नाव घालून खातं उघडलं, पासवर्ड मनाने ठेवला आणि फोन हातात दिला. आता ना नाव आठवतं, ना पासवर्ड. ही अट २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये आहे आणि ती चोरासाठी आहे: चोरलेला फोन पुसून विकता येऊ नये म्हणून. इथे मात्र ती मालकिणीलाच आडवी आली. फोनची पेटी आणि बिल जपून ठेवलं होतं, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाता आलं. फोन सुरू झाला, पण त्या खात्यात गेलेले फोटो काही मिळाले नाहीत. नातवाच्या बारशाचे होते.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे पाच मिनिटांत टळतं. खातं दुकानात उघडू नका. घरी बसून, आपल्या नावाने, आपल्या मोबाईल नंबरावर उघडा आणि ज्या वहीत बँकेचा खाते क्रमांक लिहून ठेवता त्याच वहीत खात्याचं नाव लिहा. फोन पुसायला किंवा विकायला देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन त्यातलं खातं काढा. मग तो कोणत्या कंपनीचा आहे, याने फारसं बिघडत नाही.

दुसरी अडचण जागेची, म्हणजे फोनमधल्या नाही, खात्यातल्या जागेची. गूगल फुकट देतं ती जागा १५ जीबी, ॲपल देतं ती ५ जीबी. गूगल फोटोमध्ये पूर्वी फोटो कितीही ठेवता यायचे, ती मुभा १ जून २०२१ ला संपली. आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही, म्हणजे बोलण्याची आणि फोटोंची राखून ठेवलेली प्रतही, याच १५ जीबीत मोजला जातो. म्हणजे सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ, लग्नाच्या पत्रिका, पोळ्याच्या बैलांचे फोटो, सगळे त्याच कोठीत. ती भरली की लोकांना वाटतं फोन भरला, आणि ते मेमरी कार्ड आणतात. त्याने काही होत नाही. मोठं नुकसान पुढे आहे: जागा संपली की त्या खात्यावर नवा मेल येणंच थांबतं. आमच्याकडे आलेल्या एका मुलीला प्रवेशाचा मेल मिळालाच नाही, तो याच कारणाने. ज्या मेलवर नोकरीचे, प्रवेशाचे अर्ज भरता, तो मेल वेगळा ठेवा. त्यावर फोटो आणि व्हॉट्सॲप चढवू नका.

मग भाऊ आयफोन घेऊन येतो तेव्हा. अँड्रॉइडचा व्हॉट्सॲप बॅकअप गूगलकडे जातो, आयफोनचा ॲपलच्या आयक्लाउडकडे, आणि एकाकडचा दुसरीकडे थेट उघडत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर जुनं बोलणं नेण्याची सोय व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये दिली, पण ते काम नवा आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच करायचं असतं. म्हणून जुना फोन विकण्याची घाई करू नका.

आयफोनची आणखी एक गोष्ट अर्ज भरताना फार नडते. २०१७ पासून आयफोन फोटो एका नव्या प्रकारात साठवतो, त्याचं नाव एचईआयसी. जागा कमी घेतो, फोटो छान दिसतो. पण आपल्या सरकारी अर्जांना बहुतेक ठिकाणी जेपीजी किंवा पीडीएफ लागते. भाऊ पुण्याहून गुणपत्रिकेचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, आणि इथे अर्ज तो घेत नाही. रात्रीचे अकरा वाजलेले, उद्या शेवटची तारीख. उपाय साधा आहे: आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, त्यात मोस्ट कॉम्पॅटिबल निवडायचं. पुढचे फोटो जेपीजीतच निघतील.

घराचं झालं, आता कामाचं. इथे माझं मत अगदी पक्कं आहे: कामाचा कागद कोणत्याही यंत्रावर उघडलाच पाहिजे.

बचत गटाचे ठराव, शाळेची पत्रं, ग्रामसभेचं इतिवृत्त वर्षानुवर्षं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप झालं. त्या फॉन्टची गंमत अशी होती की संगणक आत इंग्रजीचीच अक्षरं साठवायचा, फक्त पडद्यावर त्यांना मराठीचा चेहरा द्यायचा. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही, तिथे फाइल उघडली की आकडे, कंस आणि अर्धवट चिन्हांचा ढीग. मी असे ठराव पाहिले आहेत: वरची तारीख वाचता येते, खाली एक शब्द लागत नाही. टाइप करणारी व्यक्ती बदलून गेली, संगणक बंद पडला, आणि गावाने घेतलेला निर्णय गावालाच वाचता येईना. युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. आपल्या 'क' चा ०९१५, मग संगणक विंडोजचा असो, फोन अँड्रॉइड असो की आयफोन. म्हणून सरपंच, सचिव, गुरुजी आणि बचत गटाच्या ताई, सगळ्यांना हात जोडून सांगते, नवीन काही जुन्या फॉन्टमध्ये टाइप करू नका. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात. ज्या संगणकात तो फॉन्ट अजून आहे, तो संगणक चालू आहे तोवरच हे काम उरकून घ्या, आणि पीडीएफ करून एक प्रत वेगळी ठेवा.

वावरातल्या मोटरीचंही हेच. रात्रपाळीची थ्री फेज लाईन आली की अंधारात बांधावरून जायला नको, साप-विंचवाची भीती नको, म्हणून लोक मोबाईल स्टार्टर बसवतात. फार चांगली गोष्ट आहे. पण घेताना विचारा, हा फक्त कंपनीच्या ॲपवर चालतो, की साध्या कॉलवर आणि मेसेजवरही चालतो? ॲपवरच चालणारा असेल तर तुम्ही दवाखान्यात असताना घरी बटणाच्या फोनवरून आई मोटर बंद करू शकणार नाही. कॉलवर चालणाऱ्यात तिचा नंबर नोंदवून ठेवता येतो. स्टार्टर टू-जीचा असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे टू-जी नाहीच. तिथे दुसऱ्या कंपनीचं सिम लागतं.

सगळीकडे अडचणच आहे असं नाही. यूपीआय बघा. २०१६ मध्ये सुरू झालं, आणि आज पानठेल्यावर फोनपेचा कागद लावलेला असला तरी तुम्ही गूगल पेवरून पैसे देता, तुमचं खातं ग्रामीण बँकेत असतं आणि ठेलेवाल्याचं स्टेट बँकेत. कुणाला काही वाटत नाही. सगळ्या बँका आणि ॲप एकाच नियमाने बोलतात, म्हणून हे जमतं. मोबाईल नंबरचंही तसंच झालं. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते, तरी आपल्याकडे लोक स्वस्त रिचार्ज दिसला की नवं सिम घेतात आणि जुनं ड्रॉवरमध्ये टाकतात. आधार जुन्या नंबरावर, बँक जुन्या नंबरावर, गूगल खातंही जुन्याच. ओटीपी येतो तो बंद पडलेल्या सिमवर. कंपनी खुशाल बदला, नंबर तोच ठेवा.

तर मला विचाराल तर घरात, विशेषतः थोरांसाठी, एकाच प्रकारचे फोन असले तर बरं. त्यासाठी महागडं काही घ्यायची गरज नाही. कामासाठी मात्र ज्याला जे परवडेल ते वापरू द्या, कागद तेवढे युनिकोडमध्ये आणि पीडीएफमध्ये ठेवा.

दिवाळीला मुलं घरी येतील, तेव्हा त्यांच्याकडून एक काम करून घ्या. आईबाबांच्या फोनमध्ये सेटिंग, मग गूगल, मग खात्याची सुरक्षा, तिथे रिकव्हरीचा, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायचा, फोन नंबर कोणता आहे ते बघा. बंद पडलेला असेल तर बदला. आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे त्यांनी हे ऐकून ठेवा: दोन वर्षं ज्या खात्यात कुणी शिरलंच नाही, ते खातं गूगल फोटोंसकट काढून टाकू शकतं. बाबांचा फोन कपाटात ठेवला असेल तर चार्ज करून आत्ताच उघडा. गूगल टेकआउट म्हणून सोय आहे, तिथून सगळे फोटो उतरवून घेता येतात. घरी लॅपटॉप नसेल तर तो फोन आणि एक मोठा पेनड्राइव्ह घेऊन जवळच्या सेवा केंद्रात जा. अर्जांची गर्दी सकाळी असते, दुपारी चारनंतर या म्हणजे निवांत बसून करता येईल.

नमस्कार.