बंब परसात होता, गिझर न्हाणीत आला

नमस्कार श्रोतेहो.

कोजागिरी होऊन गेली. जांबोटी-कणकुंबीकडं घराघरांतून शाली निघाल्या असतील. बेळगावातही पहाटे दुधाला जाणारी माणसं कानटोपी घालून दिसू लागली आहेत. साडेसातशे मीटर उंचीवरचं हे गाव. पावसानं पाठ फिरवली की थंडी लगेच उंबऱ्यावर येते. आणि नरक चतुर्दशीला आता दोन आठवडेही उरलेले नाहीत.

शहापुरात माझं गॅसच्या शेगड्या, गिझर आणि हीटर दुरुस्त करायचं दुकान आहे. दिवाळीआधी लोक घरं झाडतात, माळे उतरवतात, भांडी घासतात. न्हाणीतल्या गिझरकडं मात्र तो बंद पडल्याशिवाय कोणी बघत नाही. चालतोय ना, मग झालं, असं म्हणतात. आज मला चालणाऱ्या गॅस गिझरबद्दलच बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वीची माझ्या घरातली गोष्ट सांगतो. अनगोळला माझा थोरला भाऊ राहतो. अभ्यंगस्नानाची पहाट, बाहेर कडाक्याची थंडी. दादा अंघोळ करून आला, पुतण्या आला, वहिनींनी उरकलं, मग पुतणी आत गेली. तेल-उटणं झालेलं, लांब केस, शिकेकाई, म्हणून वेळ लागणार हे सगळ्यांनी धरलेलंच. पाण्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं वहिनींनी हाक मारली, उत्तर नाही. दोनदा मारली, तीनदा मारली. दादानं खांद्यानं दार उचकटलं तेव्हा पोरगी बादलीशेजारी पडली होती आणि नळ चालूच होता. मोकळ्या हवेत आणलं, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाचली. तो गिझर मीच बसवला होता. दुपारी जाऊन मी सगळं उघडून तपासलं. गॅसची गळती नव्हती, नळी नवी होती, रेग्युलेटर ठीक होता. काहीही बिघडलेलं नव्हतं. फक्त वरच्या झरोक्यात, वारं येतं म्हणून, कोणीतरी थर्माकोलचा तुकडा घट्ट बसवला होता. आणि तो झरोका पुरेसा आहे असं समजून गिझर आत बसवला होता मी.

त्या दिवसापासून मी न्हाणीच्या आत गिझर बसवून देत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

असं का होतं ते नीट समजून घ्या. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा साधा गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस पूर्ण जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. आपली न्हाणी केवढी? पाच फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट, म्हणजे जेमतेम सात घनमीटर. दार लावून, झरोका बुजवून वीस मिनिटं गिझर चालला तर त्या खोलीतली अर्ध्याहून जास्त हवा ज्योतीनंच खाल्ली. आत उभ्या असलेल्या माणसालाही तीच हवा हवी असते. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची जळजळ नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त ओढीनं ह्या वायूला धरतं. माणूस श्वास घेत असतो, पण अंगाला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. कडी काढायचं सुचेपर्यंत हातात बळ उरलेलं नसतं.

गॅस गळला तर नाकाला कळतं, कारण त्यात मुद्दाम उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. जळलेल्या गॅसला ती राखण नाही. म्हणून मी गळतीपेक्षा ह्या जळलेल्या हवेला जास्त भितो.

आपल्या आजीचा तांब्याचा बंब आठवा. मधोमध विस्तवाची नळी, खाली राखेची जाळी, वर धुराडं, आणि नळीभोवती पाणी. शेणी नाहीतर काटक्या घालायच्या. हा बंब असायचा कुठं? परसात, पडवीत, फार तर न्हाणीच्या दाराबाहेर. पाणी हंड्यातून आत न्यायचं, विस्तव बाहेर राहायचा. त्या बायकांना रसायनशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. धुरानं डोळे चुरचुरायचे, खोकला यायचा, तेवढ्यावरून त्यांनी विस्तवाची जागा ठरवली होती. गॅसला धूर दिसत नाही, म्हणून आपण तोच बंब उचलून आत आणला आणि कडी लावून घेतली. माझं सांगणं एवढंच आहे की गिझर परत बाहेर न्या. परसातल्या भिंतीवर, गॅलरीत, जिथं वारा खेळतो पण पावसाची झड थेट लागत नाही अशा जागी. भिंतीतून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. एका दिवसाचं काम आहे.

भाड्याच्या घरात हे जमत नाही, ठाऊक आहे मला. मग निदान वर एक झरोका, खाली दाराला फट किंवा जाळी, आणि दोन्ही कायम उघडी ठेवा. नुसता वर एक्झॉस्ट पंखा लावून भागत नाही. हवा आत यायला वाट नसेल तर तो ओढणार काय? उलट गिझरला धुराडं असेल तर त्यातली जळकी हवा तो पंखा पुन्हा खोलीत खेचतो.

आता तपासणी. एखाद्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर, गिझर चालू करून त्याच्या खिडकीतून ज्योत बघा. निळी, आखूड, स्थिर ज्योत हवी. टोकं पिवळी दिसत असतील, ज्योत लांबट होऊन डुलत असेल, डब्यावर किंवा वरच्या भिंतीवर काजळी धरली असेल, तर त्या गिझरखाली अंघोळ करू नका, मेकॅनिकला बोलवा. मग नळ बंद करा. पाणी थांबल्याबरोबर ज्योत विझली पाहिजे. पाण्याच्या दाबावर हलणारा एक रबरी पडदा आत असतो, तो गॅस उघडतो आणि मिटतो. पडदा किंवा त्याची दांडी अडकली तर पाणी थांबूनही आग चालू राहते. तसं दिसलं की सरळ सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा.

बर्नरच्या भोकांत काय सापडतं म्हणून सांगू? पावसाळाभर बंद असलेल्या गिझरमध्ये कोळ्याची जाळी, धूळ, आणि कित्येकदा कुंभारीण माशीचं मातीचं घर. ह्या माशीला भोक दिसलं की ती चिखल आणून ते लिंपते. धुराड्याचं तोंडही ती सोडत नाही. हवा शिरायच्या वाटा अशा बुजल्या की ज्योत पिवळी होते. लोक मग घरीच सुई घेऊन जेट, म्हणजे गॅस सुटायचं बारीक तोंड, टोकरतात. हे कृपा करून करू नका. जेटचं भोक ठरावीक मापाचं असतं; सुईनं ते किंचित मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, हवा पुरत नाही, आणि साफ करायला गेलो तोच दोष आपण वाढवून ठेवतो. मऊ ब्रशनं बाहेरची धूळ काढा, पाणी शिरतं तिथली बारीक जाळी खोलून धुवा, सेल बदला आणि फुगलेले, पाझरलेले सेल आत राहू देऊ नका. तुमचा हात इथवरच. बर्नर काढणं, जेट फुंकणं, वरच्या तांब्याच्या पात्यांमधली काजळी उतरवणं हे जाणत्या माणसाचं काम आहे, आणि ते वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, करून घ्यायचंच. घरात राकसकोप धरणाचं नळाचं पाणी असेल तर बरं, पण बोअरचं जड पाणी असलं तर पाइपांत क्षार धरतो. मग धार बारीक होते, पाणी उकळायला लागतं. तेही त्याच खेपेला साफ करून घ्या.

सिलिंडर आणि नळीचं थोडक्यात सांगतो. आयएसआय शिक्का असलेली नारिंगी सुरक्षा नळीच वापरा. तिच्यावर तारीख छापलेली असते, आणि पाच वर्षांनी ती बदलायची. उंदीर नळी कुरतडतात, म्हणून भिंतीमागं गेलेला भागही ओढून बघा. सांध्यांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघणारी माणसं अजून आहेत. हात जोडून सांगतो, काडी नको. आपला गॅस हवेपेक्षा जड, तो पाण्यासारखा खाली साचतो, त्यामुळे सिलिंडर तळघरात किंवा खड्ड्यात ठेवायचा नाही आणि आडवाही करायचा नाही. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, पुढं वर्ष. ती मुदत उलटून गेलेला सिलिंडर दारातूनच परत पाठवा. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, विजेच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन.

अलीकडं खानापूरच्या बाजूला फार्महाऊसवर आणि शहरातल्या काही बंगल्यांत खोली तापवायचे गॅस हीटर आलेत. पाठीमागं सिलिंडर आणि पुढं लालभडक होणाऱ्या चिनी मातीच्या पट्ट्या. इथं पट्टी लाल दिसणं बरोबर आहे. पट्टीला तडा गेला असेल किंवा ज्योत पट्टी सोडून बाहेर येत असेल तर हीटर बंद. चांगल्या हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाल्याचं ओळखणारी छोटी ज्योत असते. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के. तो १८ च्या आसपास उतरला की ती विझते आणि गॅस तोडते. तिच्यावर धूळ बसली की ती सारखी विझते, आणि मग लोक सांगतात, ते काढून टाका हो, फार त्रास देतंय. मी काढत नाही, साफ करून देतो. ते काढून देणारा भेटला तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. आणि असा हीटर लावून झोपायचं नाही, कितीही चांगला असला तरी.

भिंतीत काचेमागं पेटणारी गॅसची आगटी फारच थोड्या घरांत आहे, पण ज्यांच्याकडं आहे त्यांच्यासाठी. थंड झाल्यावरच काच पुसा. अमोनियाचा क्लीनर नको, तो काचेवर कायमचा पांढुरका थर धरतो. काचेची कड घट्ट बसली आहे ना ते बघा. आत मातीचे खोटे ओंडके असतात, ते शोभेसाठी इकडचे तिकडे करू नका. ज्योत ओंडक्याला आदळली की काजळी येते. त्यांची जागा बनवणाऱ्यानं हिशेबानं ठरवलेली असते. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवण्याआधी बाहेरचं धुराडं पाखराच्या घरट्यानं बुजलं नाही ना, हेही पाहून घ्या.

ह्या सगळ्या वस्तूंसोबत सूचना येतात, नाही असं नाही. पण तो कागद बहुतेक इंग्रजीत, कधी कन्नडमध्ये, आणि घरात गिझर लावणारी आजी मराठी वाचणारी. तो कागद कपाटात जातो आणि तिथंच राहतो. घरात जे कोणी वाचू शकतं त्यानं एकदा बसून तो मोठ्यानं वाचून दाखवावा. आपल्याकडं नातवंडं कन्नड शाळेत जातात, इंग्रजी शाळेत जातात. हे काम त्यांना सांगा, आनंदानं करतील.

कोणी न्हाणीत चक्कर येऊन पडलं तर आधी दार-खिडकी उघडून त्याला मोकळ्यात आणा, गिझर बंद करा आणि १०८ ला फोन करा. कांदा हुंगवत, फिट आली म्हणत बसू नका. घरात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर त्याच्यावर विसंबू नका. ह्या वायूनं भरलेल्या रक्तालाही ते यंत्र अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव दाखवू शकतं. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की न्हाणीत गॅस गिझर चालू होता. आणि थंडीत घरातल्या दोघातिघांचं एकदम डोकं दुखतंय, बाहेर गेलं की बरं वाटतंय, असं होत असेल तर त्याला पित्त समजू नका.

आता दिवाळीच्या पहाटेचं. ज्यांचा गिझर अजून आत आहे त्यांनी ह्या वर्षी एवढं करा. दार सताड उघडं ठेवून दोन मोठ्या बादल्या आणि एक घंगाळ भरून घ्या. गिझर बंद करा. दहा मिनिटं दार, झरोका तसाच उघडा राहू द्या. तोवर ज्याची पाळी त्याला पाटावर बसवून तेल लावा. मग त्यानं आत जायचं, कडी न लावता, दार नुसतं लोटून. प्रत्येकाला पुन्हा तसंच. सहा माणसांच्या घरात तासभर जास्त लागेल, तर तासभर आधी उठा. अनगोळला आमच्या दादाकडं गिझर आता परसातल्या भिंतीवर आहे, तरीसुद्धा पुतणी अंघोळीला गेली की वहिनी दाराबाहेर पाट टाकून बसतात आणि ती बाहेर येईपर्यंत तिच्याशी बोलत राहतात.

नमस्कार.